पहिल्या स्लिपची रेघ

१२ फेब्रुवारी

भावजी,

तब्येत कशी आहे हे विचारत नाही. विचारलं की तुम्ही ‘बरी’ म्हणता आणि बोलणं तिथेच आटपतं. फोनवर तर तुमचं ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही निघत नाही. शिवाय सामना असला की आमचे फोन सकाळीच पेटीत कुलूपबंद होतात, ते तुम्हाला मी काय सांगायचं. आज सराव सामना आहे, मैदान ओलं आहे, पंच दर थोड्या वेळाने बुटाने गवत दाबून बघतात आणि परत जातात. कोचकडे कागद होते, ते मागून घेतले.

तुम्ही निवृत्त झालात आणि पहिल्या स्लिपची जागा मला मिळाली, याला आता महिना होईल. बाहेर लोक म्हणतात मेव्हण्याची वर्णी लागली. मी त्यांना सांगत बसत नाही की माझी ताई तुमची बायको असली तरी तुम्ही निवड समितीला माझं नावसुद्धा नीट सांगितलं नसेल. गेल्या मोसमात धावा झाल्या म्हणून आलो. असो.

इथली गंमत सांगतो. ड्रेसिंग रूममध्ये तुमची खुंटी तशीच रिकामी आहे. मला माहीत नव्हतं, मी शर्ट अडकवला. आंघोळ करून आलो तर शर्ट शेजारच्या खुंटीवर. कुणी हलवला ते कुणी बोलेना, पण कीपर छताकडे बघत होता.

बसमध्येही तेच. दाराजवळची तुमची सीट सोडून सगळे मागे दाटीवाटीने बसतात. पूर्वी म्हणे ड्रायव्हर आरशात तुमच्याकडे बघायचा, तुम्ही मान हलवली की गाडी निघायची. परवा सगळे बसले, दार लागलं, आणि बस जागची हलेना. ड्रायव्हर आरशात रिकाम्या सीटकडे बघत बसलेला, आणि कप्तानासकट कुणालाच वाटेना की ‘चल’ म्हणायचं काम आपलं. शेवटी मागे कुणीतरी शिंकलं. ड्रायव्हरला तेवढं पुरलं.

बसवरून आठवलं, मी रंगकाम करायचो तेव्हा आमच्या मुकादमाची एक गाडी होती, तिला रिव्हर्सच नव्हता, त्यामुळे तो काम कुठे घ्यायचं ते गल्ली बघून ठरवायचा. पण ते राहू दे, मुद्द्याचं विचारायचंय.

स्लिपमध्ये रेघ तुम्ही मारायचात. गोलंदाज बदलला की तुम्ही बुटाच्या खिळ्यांनी गवतावर रेघ ओढणार आणि कीपर, दुसरी स्लिप, तिसरी स्लिप सगळे त्या रेघेवरून आपापली जागा घेणार. दुसऱ्या संघांत पहिली स्लिप कीपरवरून उभी राहते म्हणतात. इथे उलटं आहे. आता सगळे माझ्या बुटाकडे बघतात. मी कुठे मारू? आपला वेगवान लंबू टाकतो तेव्हा किती मागे जायचं? काही हिशेब असेल तर कळवा.

ताईला सांगा, वरच्या खोलीत माझी जुनी बॅट आहे ती शेजारच्यांना मांजर हाकलायला देऊ नये.

तुमचा,
भटक्या


१८ फेब्रुवारी

भटक्या,

पत्र मिळालं. तुझं अक्षर लावता लावता दुपार गेली. जरा मोठं लिही आणि शाई काळी वापर.

खुंटी पंख्याखाली आहे. म्हणून माझी होती. शर्ट अडकव.

ड्रायव्हरकडे बघून मी मान हलवत नव्हतो. बसलं की मला डुलकी लागायची. त्याने त्याचा अर्थ काढला, मी मोडला नाही.

कुठे उभं राहायचं ते विचारतोस. चेंडू दिसेल तिथे उभं राहायचं. मला यापेक्षा जास्त कुणी सांगितलं नव्हतं.

बॅट दिलेली नाही. मांजर आहे तिथेच आहे.

— भावजी


५ मार्च

भावजी,

हे पत्र मोठ्या अक्षरात आणि काळ्या शाईत लिहितोय. शाईसाठी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंचं पेन घेतलंय, त्या दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून जातात.

पहिली कसोटी हरलो, ते तुम्ही पाहिलंच असेल. कसं हरलो ते टीव्हीवर दिसत नाही, ते सांगतो.

तुमचं वाक्य मी चुकून कोचला वाचून दाखवलं. ‘चेंडू दिसेल तिथे उभं राहायचं.’ कोचने ते फळ्यावर लिहिलं आणि खाली दोनदा अधोरेखित केलं. लंबूने ते हातमोज्यावर लिहून घेतलं. तो गोलंदाज आहे, त्याला स्लिपमध्ये उभंच राहायचं नसतं, पण म्हणाला फलंदाजीलाही लागू पडतं. डुलकीचं मी कुणाला सांगितलं नाही.

सामन्याच्या सकाळी मी रेघ मारायला गेलो तर कीपर आधीच उभा. त्याने बोटाने जागा दाखवली. म्हणाला, आजोबा लंबूला इथे उभे राहायचे, रेघ इथे येते. तुम्हाला सगळे मागे आजोबा म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. मी मारली. सगळे येऊन उभे राहिले, शाळेच्या रांगेसारखे.

मग दिवसभर एकच प्रकार. लंबूच्या चेंडूवर बॅटची कड लागते, चेंडू बरोबर आमच्या दिशेने येतो, आणि माझ्या हाताच्या पुढे गवतावर पडून मग हातात येतो. दुसऱ्या स्लिपच्याही पुढे. एकदा कीपरच्याही पुढे. पडलेला चेंडू हातात धरून उभं राहणं फार विचित्र असतं भावजी. एखाद्याने वाढून ठेवलं, आणि आपण पोचलो तर ताट उचललेलं. लंबू दर वेळी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघायचा. संध्याकाळी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की आजोबा असते तर या चेंडूंनी खाली पडायची हिंमत केली नसती.

पेपरात तर ‘आजोबा गेले, स्लिप गेली’ असंच छापून आलंय. कप्तानाचंही सांगतो. तो क्षेत्ररचना बदलायच्या आधी सवयीने पहिल्या स्लिपकडे बघतो. तिथे मी असतो. मग तो नजर पुढे नेतो, जणू माझ्यामागच्या पाटीवर काही वाचत होता. एकदा मी उगाच मान हलवून बघितली. त्याने लगेच क्षेत्ररचना जशी होती तशी ठेवली.

एक झेल मी घेतला, फिरकीवर, आणि एक धड आलेला सोडला. फलंदाजीत बरा खेळलो.

आता जे लिहितो ते वाचून विसरा. मी आजवर कुठेच टिकलो नाही. शाळा अर्धी टाकली, रंगकाम टाकलं, बोटीवर भांडी घासायचो ते टाकलं, क्लब तर किती बदलले. प्रत्येक वेळी बॅग भरताना बरं वाटायचं. या खेपेला पहिल्यांदा मी बॅग पूर्ण रिकामी करून कपडे कपाटात लावलेत, मोजे वेगळे, शर्ट वेगळे. मला तुमच्यासारखं व्हायचं नाही, ते जमणार नाही. फक्त इथून हलावंसं वाटत नाही. अजून एक कसोटी अशी गेली तर मला हलवतील.

काउंटरवरच्या बाई आता उभ्याच राहिल्यात. पेन देतो.

भटक्या


११ मार्च

भटक्या,

पत्र मिळालं.

तो धड झेल सुटला तो तुझी बोटं खाली वळलेली होती म्हणून. टीव्हीवर दिसलं. तुझ्या ताईनेही तेच म्हटलं.

चेंडू हाताच्या किती पुढे पडतो ते लिहिलं नाहीस. वीतभर की बॅटभर? सगळ्यांच्या पुढे सारखाच पडतो का?

कप्तान येऊन गेला. बरोबर निवड समितीचे एक होते. चहा घेतला, गेले.

लंबूला सांग हातमोज्यावर लिहिलेलं घामाने पुसतं.

— भावजी


१३ मार्च

भटक्या,

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांना सांगितलेलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. मी पोस्टात टाकायला भाजी आणायच्या निमित्ताने जाते आहे, त्यामुळे आज घरात भाजी येणार ती कशी असेल ते बघायला नको.

‘कप्तान आला, चहा घेतला, गेले’ असं ह्यांनी तुला लिहिलं ना? आता खरं ऐक. कप्तान ह्यांना परत बोलवायला आला होता. या मालिकेचा शेवटचा सामना आणि पुढचा दौरा, एवढंच खेळा म्हणाला. संघ सैरभैर झालाय, मुलं पहिल्या स्लिपकडे बघतात आणि गोंधळतात, असं सगळं मांडलं. तुझं नाव कुणी घेतलं नाही, पण जागा एकच आहे, हे मला बाईमाणसालाही कळतं. हे ‘बघतो’ म्हणाले. ‘नाही’ म्हणाले नाहीत. तुला आधी कळावं म्हणून लिहिते, पेपरात वाचून कळू नये.

त्या दिवसापासून ह्यांचं मागच्या अंगणात सुरू आहे. भिंतीवर चेंडू मारायचा आणि उलटा आलेला झेलायचा. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. मग पेरूच्या झाडापाशी. आता शेजाऱ्यांच्या कुंपणाला पाठ लागली आहे, त्यांचं मांजर वर बसून बघत असतं. मी विचारलं, अहो, दर दिवशी मागे मागे काय जाता, उद्या त्यांच्या स्वयंपाकघरात जाल. तर म्हणाले, इथून नीट जमतं.

बाकी हल्ली लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक. चहा ओततात तो कपाच्या कडेवर. परवा जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून जमिनीवर पाय आपटला. तुझी पत्रंही मीच मोठ्याने वाचून दाखवते. अक्षर वाईट आहे म्हणतात. तुझं अक्षर वाईट आहे हे खरं, पण पेपरचं अक्षरही वाईट झालंय असं दिसतं, कारण तोही मलाच वाचावा लागतो. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगणात जातात.

तू नीट जेव. आणि बोटं वर ठेव.

ताई


२५ मार्च

भावजी,

आणि ताई, कारण हे तूच वाचून दाखवणार आहेस. वाचताना मध्ये थांबू नकोस, आणि भावजींनी ऐकून ठेवावं म्हणून स्पष्ट लिहितो की तू मला काहीही कळवलेलं नाहीस.

भावजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बॅटभर. सगळ्यांच्या पुढे सारखाच.

दुसरी कसोटीही गेली. या सामन्याच्या पहिल्या दिवशी मी बघायचं ठरवलं, आणि लंबू धावत येत असताना रेघ सोडून बॅटभर पुढे जाऊन उभा राहिलो. बाकीचे तिघं रेघेवर, मी एकटा पुढे, मधलाच दात बाहेर आल्यासारखा. कीपरने खेळ थांबवला. म्हणाला, रेघ मागे आहे. मी म्हटलं, चेंडू पुढे आहे. तो म्हणाला, इतकी वर्षं आजोबा इथे उभे राहिले, तू आल्या आल्या शहाणा झालास का. कप्तानाने लांबून हात केला, मागे हो म्हणून. झालो. पुढच्याच षटकात कड लागली आणि चेंडू मी आधी जिथे उभा होतो तिथे पडला. लंबूने फक्त आकाशाकडे बघितलं.

संध्याकाळी आमच्या व्हिडिओवाल्याकडे गेलो. हा माणूस दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून खारे दाणे खातो, आणि त्याच्याकडे प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू आहे. त्याला म्हटलं तुमच्या पहिल्या स्लिपचे जुने सामने दाखव. त्याला वाटलं मी शिकायला आलोय, खूश झाला. दाणेही दिले.

पूर्वी लंबूच्या गोलंदाजीवर तुमची रेघ बरीच पुढे असायची. मग कधीतरी जरा मागे गेली. मग आणखी जरा. शेवटच्या दोन मोसमांत ती आत्ता आम्ही मारतो तिथे आली. तुमच्याबरोबर कीपर मागे आला, दुसरी स्लिप मागे आली, सगळे आले. तेव्हाही चेंडू पुढे पडायचे भावजी. सगळं दिसतं त्यात. तेव्हा लोक म्हणायचे खेळपट्टी मंद आहे. आजोबा उभे आहेत म्हणजे जागा बरोबरच असणार, चूक असेल तर गवताची.

तुम्हाला चेंडू जवळून दिसेनासा झाला. म्हणून तुम्ही मागे गेलात, जरा जास्त वेळ मिळावा म्हणून. आणि म्हणूनच निवृत्त झालात. पेपरात घरच्यांना वेळ द्यायचाय असं आलं होतं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. घरच्यांना म्हणजे ताईला, आणि तिला तुमचा वेळ नको असतो, तिला तुम्ही पायात नको असता.

ताई, थांबलीस ना. वाच पुढे.

तुम्हाला परत बोलावलंय हे मला कळलंय, कुणाकडून ते विचारू नका. कोचने मला बाजूला घेऊन विचारलं की आजोबा आले तर तुला कसं वाटेल. मी तेव्हा डोळ्यांचं सांगू शकलो असतो. जिभेवर आलं होतं. माझी जागा तिथल्या तिथे पक्की झाली असती. मी म्हटलं जागा त्यांचीच होती. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं, ते मला आवडलं नाही.

व्हिडिओवाल्यालाही सांगितलेलं नाही. तो अजून समजतो मी तुमच्या पायांची ठेवण बघत होतो.

तुम्ही आलात तर मी जाईन, जायची मला सवय आहे. पण रेघ तिथेच राहील, आणि तुम्ही असताना ती कुणी हलवणार नाही. मी हलवली तर शहाणा ठरतो. एवढंच सांगायचं होतं.

भटक्या


३० मार्च

भटक्या,

पत्र ऐकलं. तुझी ताई मध्ये थांबली, मग पुढे वाचलं. त्यानंतर भाजीचा विषय निघाला. ती आता माझ्याशी बोलते आहे.

शनिवारी सरावाला येतो. कप्तानाला कळवलं आहे. त्या दिवशी रेघ मारू नकोस.

— भावजी


८ एप्रिल

ताई,

भावजी घरी पोचले असतील आणि ‘सराव बरा झाला’ म्हणून अंगणात गेले असतील. म्हणून मी लिहितो.

सकाळपासून इथे लग्नघर होतं. ते परत येणार असंच सगळे धरून चालले होते. ड्रायव्हरने दाराजवळची सीट पुसली. खुंटीवर माझा शर्ट होता, तो या खेपेला हलवायच्या आधी कीपरने निदान माझ्याकडे बघितलं तरी. मी बॅगेची चेन उघडी करून ठेवली. म्हटलं नंतर घाई नको.

भावजी आले, सगळ्यांशी हात मिळवला, लंबूच्या हातमोज्याकडे बघून मान हलवली. तिथून थेट मैदानात. त्यांनी कोचला बॅट घेऊन उभं केलं, म्हणाले लंबूला टाकू दे आणि तू नुसती कड दे. मग स्वतः पहिल्या स्लिपमध्ये गेले, आपल्या जुन्या जागी. कीपर शेजारी आला, बाकीचे आले. दोनचार चेंडू पुढे पडले, पण जे आले ते भावजींनी अलगद घेतले. ताई, ते हात अजून तसेच आहेत. टाळ्या पडल्या. कप्तान इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मी सीमारेषेपाशी उभा होतो आणि माझ्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधत बसलो.

मान वर केली तर भावजी चालत पुढे गेले होते. बॅटभर पुढे. तिथे त्यांनी खिळ्यांनी रेघ ओढली, चांगली ठळक, आणि तिच्यावर उभे राहिले. कीपरला म्हणाले तू अजून येऊ नकोस. एकटेच.

पहिला चेंडू त्यांच्या छातीवर बसला. दुसरा बोटांच्या टोकाला लागून गेला, ते बोट त्यांनी बघितलंही नाही. तिसऱ्याला तर चेंडू जाऊन मागे कुंपणाला लागला आणि मग त्यांचे हात मिटले. चौथ्यासाठी लंबू धावत आलाच नाही. तो तिथेच चेंडू पुसत उभा राहिला. भावजींनी त्याला खूण केली, टाक. त्याने हळू टाकला. भावजी म्हणाले, असा नाही, नेहमीसारखा. त्याने टाकला. तोही गेला.

मैदानावर कुणी हलेना. कप्तान जवळ जाऊन म्हणाला की बरेच दिवस खेळ नाही, सवय गेलीय, चार दिवसांत येईल.

भावजी म्हणाले, “सवय आहे. डोळे गेलेत. म्हणून मी मागे उभा राहत होतो. तुमचे डोळे धड आहेत. तुम्ही का मागे उभे राहता?”

हे त्यांनी मोठ्या आवाजात म्हटलं नाही, भाजी महाग झाली का असं विचारावं तसं विचारलं. कीपर आपल्या ग्लव्ह्जकडे बघत होता. कोच बॅटचं हँडल फिरवत होता. मला वाटतं प्रत्येक जण आपण कधीपासून मागे उभे आहोत ते आठवत होता.

मग त्यांनी मला बोलावलं. मी त्या रेघेवर उभा राहिलो. कीपर आला, माझ्या शेजारी, पुढे. दुसरी स्लिप आली, तिसरी आली. लंबूने टाकला. कड लागली. चेंडू आला तो थेट हातात, इतक्या जोरात की हात झिणझिणले. मी बोटं वर ठेवली होती.

भावजींनी आणखी दोन-तीन झेल बघितले, म्हणजे ऐकले म्हणावं लागेल, कारण ते दुसरीकडे बघत होते. मग पायाने ती रेघ पुसून टाकली. कप्तानाने विचारलं पुसता का. ते म्हणाले उद्या मैदान वेगळं असेल.

जाताना आमच्याच बसने स्टेशनपर्यंत आले. आपल्या सीटवर बसले. दार लागलं, ड्रायव्हरने आरशात बघितलं, आणि भावजींनी मान हलवली. मी बाजूलाच होतो. डुलकी लागलेली नव्हती.

त्यांचं बोट सुजलं असेल, बघ. बर्फ लावा म्हटलं की अंगणात जातील, म्हणून आधी लाव आणि मग सांग.

उद्या सामना आहे.

भटक्या


१९ एप्रिल

भावजी,

तिसरी कसोटी अनिर्णित सुटली. मालिका गेली ती गेलीच. टीव्हीवर काही खास दिसलं नसेल.

स्लिपमध्ये आता कुणी रेघ मारत नाही. मी मारायला गेलो तर कीपर म्हणाला राहू दे, बघून ठरवू. त्यामुळे आता दर षटकाला चर्चा. कीपर म्हणतो पुढे, दुसरी स्लिप म्हणते जरा मागे, तिसरीचं कुणी ऐकत नाही म्हणून ती रुसते. लंबू म्हणाला समोर मंडई भरल्यासारखं वाटतं, आधी कसं देवळात टाकल्यासारखं वाटायचं. पण झेल पोचतात, म्हणून तो फार बोलत नाही. मी तीन घेतले, एक सोडला. बोटं वरच होती, नुसताच सोडला. फलंदाजीत काही जमलं नाही.

कप्तान अजून पहिल्या स्लिपकडे बघतो. पण आता तोंडाने विचारतो, काय करू. आम्ही चौघं चार गोष्टी सांगतो. मग तो आपल्या मनाचं करतो. एकदा बरोबर निघालं.

बसचंही मिटलं. ड्रायव्हरने सरळ विचारलं की इथून पुढे मान कुणी हलवायची. कुणीच पुढे येईना. आता तो दार लागलं की निघतो. परवा व्हिडिओवाला मैदानावरच राहिला.

पेपरात आलंय की तुम्ही गुडघ्यामुळे परत येण्याला नकार दिला. गुडघ्याचं कुणी सांगितलं ते कळत नाही. त्या सकाळी मैदानात जे होते त्यातल्या कुणीच डोळ्यांचं बाहेर काढलेलं नाही, लंबूनेसुद्धा नाही, आणि लंबूच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला कीपरचा संशय आहे. ताईला सांगा कुणी गुडघ्याची चौकशी केली तर तुम्हाला जरा लंगडून दाखवा म्हणावं.

पुढच्या दौऱ्याचा संघ अजून जाहीर झालेला नाही. धावा नाहीत, त्यामुळे सांगता येत नाही. बॅगेची चेन बंद केलीय. कपडे कपाटातच आहेत.

भटक्या


२ मे

भटक्या,

डॉक्टरकडे गेलो. उशीर झाला म्हणाले, पण सगळा नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोपर्यंत चष्मा. तुझी ताई म्हणते शोभत नाही. शेजाऱ्यांचं मांजर पहिल्यांदा नीट दिसलं. मला ते करडं वाटत होतं. पिवळं आहे.

गुडघ्याची चौकशी करायला दोघं येऊन गेले. लंगडलो. तुझी ताई आत जाऊन हसली.

संघ जाहीर झाला तो पेपर मी स्वतः वाचला. तुझं नाव शेवटून दुसरं आहे. शेवटून दुसरं असलं तरी विमानात सीट मिळते.

मग तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. तेव्हा कळलं की तुझ्या ताईने वाचून दाखवताना एक तुकडा गाळला होता. कपडे कपाटात लावल्याचा, मोजे वेगळे, शर्ट वेगळे. विचारलं तर म्हणाली, तो ऐकून तुम्ही त्याच्यासाठी ‘नाही’ म्हटलं असतं, तुम्ही ते स्वतःसाठी म्हणायला हवं होतं. अंगणात गेलो.

म्हणजे ‘जायची मला सवय आहे’ हे तू खोटं लिहिलं होतंस. ते मी त्या दिवशी खरं धरलं होतं. तरीही येऊन डोळ्यांचं सांगितलं, म्हणजे ते तुझ्यासाठी नव्हतं; तेव्हा तू माझं काही देणं लागत नाहीस आणि मी तुझं नाही. मोजे कपाटात ठेव.

अक्षराबद्दल मी आजवर तुला उगाच बोललो असं वाटत होतं. आता चष्मा लावून बघितलं. खरोखरच वाईट आहे.

— भावजी